कच्च्याला मोठी जागा

समस्त वऱ्हाडी मंडळी, पाहुणे, सोयरे, आणि जेवणं उरकल्यावरही मांडवाच्या दारात विनाकारण रेंगाळणारे भाऊबंद, यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, पौडच्या बाजारपेठेतल्या युनूसच्या स्टुडिओत, लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर विराजमान असलेली काळी पेटी आज सकाळी सुस्थितीत आढळली असून तिचे चारही दिवे हिरवे आहेत. कोणीही अफवांवर विश्वास ठेवू नये. कृपया.

हे मी खरोखर माईक हातात धरून बोललो, युनूस. माईकची वायर कशालाच जोडलेली नव्हती आणि ऐकायला स्टुडिओत चिटपाखरू नव्हतं. तू असतास तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतास, “बापू, कृपया आधी म्हनत्यात.” आणि मी म्हणालो असतो की माईक माझा आहे, तू तुझ्या कॅमेऱ्याचं बघ. मग आपलं तासभर भांडण चाललं असतं आणि चहा गार झाला असता.

तुझा चाळीसाव्या दिवसाचा फातिहा अजून व्हायचाय. रस्त्यात माणसं थांबवतात आणि विचारतात, काय झालं होतं, किती वाजता झालं, जवळ कोण होतं. मी सगळ्यांना सांगतो, ते त्याच्या बायकोला, शमीमभाभींना विचारा, नाहीतर विचारूच नका. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला तुझ्याशी बोलायचंय. इतकी वर्षं मी बोलायचो आणि तू मधे एखादं वाक्य टाकून माझं सगळं भाषण पाडायचास. आता कोणी पाडत नाही, तर माझी भाषणं भलतीच लांबायला लागली आहेत. मंगल म्हणते, भावजी होते तेव्हा तुम्ही वेळेत घरी यायचा.

आपलं दोघांचं काम एकाच मांडवात, पण आपलं कधी पटलं नाही. मी निवेदक. ‘मामा मंडळींनी नवरीला घेऊन यावे’ म्हणणारा, आहेराचे फेटे बांधायला पाटलांना बोलावणारा, आणि अक्षता संपल्यावर ‘कोणीही जेवल्याशिवाय जाऊ नये’ हे अशा आवाजात सांगणारा की न जेवता निघालेला माणूस चप्पल काढून परत यावा. तू व्हिडिओवाला. मी लोकांना सांगायचो, कॅमेऱ्याकडे बघा, आणि तुला कॅमेऱ्याकडे बघणारा माणूस बघवायचा नाही. मी स्टेजवर नवरा-नवरीचं कौतुक करत असायचो आणि तुझा कॅमेरा मांडवाच्या मागे, चुलाणावर भाताचं झाकण उघडून वाफेत तोंड घालणाऱ्या आचाऱ्यावर. मी कितीदा म्हटलं, अरे, आचाऱ्याचं लग्न आहे का? तू म्हणायचास, त्याचंबी झालंच असंल की कवातरी, तवा कोन हुतं शूटिंगला?

तर ती पेटी.

तुझ्याकडे आधी कॅसेटा होत्या, मग सीडीच्या चकत्या आल्या, मग त्या छोट्या हार्ड डिस्का, ज्या तू बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचास. डब्यावर गावाचं नाव. एकदा त्यातली एक डिस्क टेबलावरून पडली आणि कोणाची तरी सगळी हळद गेली. लग्न राहिलं, वरात राहिली, हळद तेवढी गेली. त्या दिवशी तू जेवला नाहीस. भाभींनी मला बोलावून घेतलं, की याला समजवा, घरात कोणी गेल्यासारखा बसलाय. त्यानंतर तू ती काळी पेटी आणलीस. चार डिस्का पोटात घेणारी, वायरने कॉम्प्युटरला, आणि तिथून साऱ्या स्टुडिओला जोडलेली. डब्यांतलं सगळं जुनं पुढे तिच्यातच उतरलं आणि त्या छोट्या डिस्का रिकाम्या झाल्या.

पेटी बसवली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. पावसाळ्यातली दुपार, लग्नं बंद, आपण दोघे रिकामे. मला वाटलं होतं, पिन लावायची, बटण दाबायचं, पेढा खायचा. पेढा मी आणलाही होता. पण तुझी पेटी म्हणजे मुलीकडचा सगळ्यात चौकस काका. बैठकीला बसल्यासारखी एकामागून एक प्रश्न विचारायला लागली. चारही डिस्का एकत्र नांदवायच्या का वेगवेगळ्या? एक बिघडली तर चालेल का? आत व्हॉल्यूम, म्हणजे साठवणीच्या खोल्या, किती करायचे? कोणाला किती जागा? नाव काय द्यायचं? मी म्हटलं, कशालाही हो म्हण आणि उरक. तू चष्मा कपाळावर चढवलास आणि प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचून दाखवलास, दोन-दोनदा, आणि उत्तर द्यायच्या आधी बाहेर जाऊन पाऊस बघून आलास.

मला समजावं म्हणून तू जे सांगितलंस, ते मी पुढे कितीतरी मांडवांत माझं म्हणून खपवलं. तू म्हणालास, “बापू, ह्यो एक मांडव हाय. चार खांब एकत्र बांधलं. आता आत कनाती लावायच्या. बायकांस्नी किती, पंगतीला किती, आचाऱ्याला किती. कनात आत्ता नीट लावली न्हाई, तर ऐन लग्नात कुनीतरी कुनाच्या अंगावर जेवतंय.”

मग त्या चार डिस्कांचा प्रश्न आला. तू अशी जोडणी निवडलीस की एका डिस्कची जागा वापरायचीच नाही. मला ते पटेना. चार आणल्या आणि तीनच वापरायच्या? एक काय पाहुणी आहे? तू म्हणालास, पाहुणी न्हाई, राखीव. आणि ती एक डिस्क बाजूला नसते, चौघींतच वाटलेली असते. मग तू भावकीवर आलास. चार भाऊ आहेत. प्रत्येकाला थोडं थोडं आठवतंय. त्यातला एक गेला तर उरलेले तिघं बसून त्याचं सगळं सांगू शकतात, पण तिघांनी एकत्र बसायला पाहिजे, एकट्याच्या बसचं नाही. मी विचारलं, आणि दोघं एकदम गेले तर? तू पेढा तोंडात टाकलास आणि म्हणालास, मग भावकी संपली.

एवढं सगळं होईपर्यंत संध्याकाळ व्हायला आली आणि तेव्हा कुठे खऱ्या भांडणाला सुरुवात झाली. जागेच्या वाटणीचं. वाचणाऱ्यांतले सगळेच काही आपल्या धंद्यातले नाहीत, म्हणून सांगतो. लग्नाचं पक्कं म्हणजे गाणी-बिणी लावून, काटछाट करून, पेनड्राइव्हवर घरी देतात ते. त्यात सगळे सुंदर दिसतात. कच्चं म्हणजे कॅमेऱ्याने दिवसभरात जे जे पाहिलं ते. शिंकणारे मामा, रुसलेली आत्या, फेटा सुटलेला नवरदेव, माईकवर चुकलेला मी. सगळ्या जगात पक्कं दिलं की कच्चं पुसतात. मी म्हटलं, पक्क्याला मोठी जागा दे, कच्च्याला कोपरा पुरे. तू पक्क्याला कोपरा दिलास आणि उरलेला अख्खा मांडव कच्च्याला. वर नावंही तीच दिलीस, ‘पक्कं’ आणि ‘कच्चं’.

मग गावांचे कप्पे. रिहे, कोळवण, नांदे, भूगाव. इथे माझा मुद्दा बिनतोड होता, आणि आजही आहे. रिह्याची मुलगी नांद्याला दिली, लग्नाची ऑर्डर नांद्याच्या मुलाकडच्यांची, मग ते लग्न नांद्याच्याच कप्प्यात जायला पाहिजे. तू प्रत्येक लग्न मुलीच्या माहेरच्या गावात टाकलंस. मी म्हटलं, अरे, माणसं मागायला येतील तर सापडायला नको का? तेव्हा तू काय म्हणालास ते मी तेव्हा हसण्यावारी नेलं. “सासरची मान्सं पक्कं बघत्यात बापू. कच्चं बघायला माहेरचीच येत्यात.”

हे भांडण आपण मिटवलं नाही. दर लग्नाला, कप्पा निवडायची वेळ आली की मी ‘सासर’ म्हणायचो आणि तू न बघता ‘माहेर’ दाबायचास.

आता सारिकाचं सांगतो. तुला ते ऐकायला आवडायचं, आणि मला सांगायला. तू दर वेळी म्हणायचास की मी त्यात मीठमसाला घालतो. या वेळी घालणार नाही. बघ तू.

सारिका रिह्याच्या धोंडिबाची मुलगी. धोंडिबा मेंढरांमागे फिरणारा, चार शब्दांवर दिवस काढणारा माणूस. मुलगी नांद्याला दिली. तिथे आता शेतांच्या जागी इमारती झाल्यात आणि सासरचे लोक बोलायला-चालायला मोकळे. लग्न रिह्यात, मुलीच्या दारात. माईकवर मी, कॅमेऱ्यावर तू. पाठवणीच्या वेळी मी गळा काढून बोलत होतो, बायका रडत होत्या, आणि मुलीने बापाला मिठी मारायची वेळ आली तेव्हा बाप कुठेच नव्हता. मी दोनदा पुकारलं. कोणीतरी म्हणालं, मेंढरांकडे गेला. गाडी निघाली. सारिकाने काचेतून मागे वळून पाहिलं आणि मग पाहिलं नाही.

पुढच्याच पावसाळ्यात धोंडिबा गेला.

दसऱ्याच्या आधी ती स्टुडिओत आली. सासरच्या घरी पेनड्राइव्ह होता. तो तिने कितीदा लावून पाहिला होता, पण त्यात आबा फक्त हळदीला आणि अक्षतांना, तेही कडेला. ती म्हणाली की तिला बाकी काही नको. आबा आपल्याला घालवायला आलाच नाही, हे मनातून जात नाही, तेवढ्यासाठी कच्च्यात कुठे दिसला तर बघायचंय. मी काही बोलणार तेवढ्यात तू म्हणालास, “हाय. दसरा झाल्याव ये.” एवढंच. तू जाऊन पाहिलंही नाहीस. तुला माहीत होतं.

तू शब्द दिला होतास आणि त्या शब्दावर ती नांद्याला परत गेली होती. पुढचं सगळं या एका गोष्टीसाठी होतं, हे मी माझ्या श्रोत्यांना नेहमी आधीच सांगून ठेवतो.

दसऱ्याला स्टुडिओतली पूजा आमची मंगल करायची, अगदी सुरुवातीपासून. कॅमेरे, स्टँड, दिवे, माझा माईक, सगळं पाटावर मांडून, हळदकुंकू, झेंडू, आरती. झेंडू तू आणायचास, पेढेही तूच, आणि दारात चप्पल काढून बाजूला उभा राहायचास. त्या वर्षी आपण दोघे भूगावला एका नव्या इमारतीच्या गृहप्रवेशाला अडकलो होतो. मंगलकडे किल्ली. आणि पेटीचा तो पहिलाच दसरा.

मंगलचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही. कॅमेऱ्याची पूजा करताना तो पिशवीतून बाहेर काढतात. मग पेटीचीच तेवढी बंद ठेवून का करायची? आतल्यांना अंधारात बसवायचं आणि बाहेरच्या पत्र्याला कुंकू लावायचं? तिने पेटीचा दर्शनी भाग नीट पाहिला, तिथल्या खिट्ट्या दाबल्या आणि चारही डिस्का अलगद बाहेर ओढून, काढल्या त्याच क्रमाने पाटावर मांडल्या. पेटी चालू होती. पुढे तिचा मला फोन आला की पेटी शिट्ट्या मारायला लागलीये, आरती होईपर्यंत थांबत नाहीये. मी माईकवर फीत कापण्याच्या मंगल क्षणाचं वर्णन करत होतो, मला ऐकू आलं ते एवढंच. तिने आरती उरकली, डिस्का ज्या हाताला लागल्या तशा परत बसवल्या, पेटी तरी ओरडायची थांबेना म्हणून पिन काढली, आणि झेंडूचा हार घातला.

दुपारी आपण आलो. दारातून हार बघून तू हसलास, मग पिन काढलेली पाहिलीस. तू पेटी चालू केलीस. लाल दिवे. पडद्यावर वाक्य आलं की व्हॉल्यूम निकामी आहे, आणि त्याखाली मोठं, सुरेख, निळं बटण, ‘नव्याने तयार करा’. तू मदत केंद्राला फोन लावलास. पलीकडच्या माणसाने अतिशय नम्रपणे सांगितलं की सर, दुसरा इलाज नाही, बटण दाबा, जुनं पुसलं जाईल पण पेटी नव्यासारखी होईल.

तू त्याचे आभार मानलेस. फोन ड्रॉवरमध्ये टाकलास. आणि मग, युनूस, मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात देखणी गोष्ट केलीस. कॉम्प्युटरचा माऊस वायरीसकट उपटलास आणि खिशात घातलास. कुणाचा चुकूनही हात जायला नको म्हणून. शेपटी बाहेर लोंबते आहे अशा अवस्थेत तू पुढची सगळी दुपार वावरलास.

तोवर मंगल प्रसादाचं ताट घेऊन दारात आली होती. तिला समजलं. लाल दिवे आणि तुझ्या खिशातली ती शेपटी बघून कोणालाही समजलं असतं. ती रडायलाच लागली. तू तिला खुर्ची दिलीस, आणि म्हणालास, “वहिनी, आधी च्या घेऊ.” चहा येईपर्यंत तू तिला एकही प्रश्न विचारला नाहीस. तिच्या हातचा प्रसाद खाल्लास, पुन्हा मागून घेतलास. मी मनात म्हटलं, हा माणूस पेटीसमोर बसून शिरा खातोय, आणि त्या पेटीत सगळं खोरं अडकलंय.

चहा झाल्यावर तू पेटी बंद करून डिस्का काढल्यास आणि टेबलावर मांडल्यास. चारही कुंकवाने माखलेल्या. पेटीवर डिस्का बसतात त्या खाचांचे, म्हणजे घरांचे, क्रमांक होते, डिस्कांवर नव्हते, आणि तू सांगितलंस की ज्या घरातली डिस्क त्याच घरात गेली पाहिजे, या पेटीला क्रम लागतो, नाहीतर तिला भाऊ ओळखू येत नाहीत. मी मदत करावी म्हणून रुमाल काढला आणि एक डिस्क पुसायला घेतली.

“पुसू नको!” तू ओरडलास. उभ्या आयुष्यात तू माझ्यावर तेवढा एकदाच ओरडलास.

तू डिस्का एकेक करून उजेडाला धरल्यास. एकीवरचं कुंकू ठसठशीत, ओलं लावलेलं, त्यात अक्षतेचा दाणा चिकटलेला. दुसरीवर जरा कमी. तिसरीवर फिकट. चौथीवर नुसतं बोट पुसल्यासारखं. तू मंगलला विचारलंस, कुंकू तळहातावर भिजवलं होतं का? ती हो म्हणाली. आणि बोट एकदाच बुडवून चारींना लावलं? ती लाजली. म्हणाली, देवाला तसं करत नाही हो, पण घरी पुरणाचा कुकर लावून आले होते.

तू हसलास. मला तेव्हाही कळलं नव्हतं. मग तू बोलून दाखवलंस. जिच्यावर जास्त कुंकू ती पहिली काढलेली, जिच्यावर पुसट ती शेवटची. वहिनींनी क्रम लिहून ठेवलाय, तोही असा की दिसतोय.

आता फक्त सुरुवात कुठून एवढंच राहिलं होतं आणि त्यात विचारायचं काय होतं? मी म्हटलं, डावीकडून. तूही ठसठशीत डिस्क डाव्या घरात सरकवायला घेतलीस, अर्धी आत गेलीही. तेव्हा रडून लाल झालेल्या डोळ्यांनी मंगल म्हणाली, “भावजी, डावीकडनं पूजेला कोण सुरुवात करतं?”

तुझा हात थांबला. तू डिस्क बाहेर काढलीस, तिच्याकडे पाहून जरासा वाकलास, आणि उजवीकडून बसवायला लागलास. माझी अवस्था काय झाली होती विचारू नकोस. लग्नात सतराशे माणसांना बसा-उठा करणारा मी, मला डावं-उजवं कळेना.

मग तू खिशातून माऊस काढलास, पण बटणाकडे गेलाच नाहीस. काळ्या पडद्यावर अक्षरं टंकत बसलास, प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून, पेटी बसवलीस त्या दिवसासारखी. पेटी घरघरली. दिवे एकेक करून नारिंगी झाले. तिने सांगितलं की मी तपासते आहे, आणि मग ती इतक्या सावकाश तपासायला लागली की तिच्यापुढे धोंडिबाची मेंढरं धावत सुटलीत असं वाटावं. तू मंगलला म्हणालास, वहिनी, तुमी कुंकू लावलं म्हनून वाचलं. ते तुझं वाक्य ती आजही सगळ्यांना सांगते. बिघडलं कशामुळे, ते तू कोणालाच सांगितलं नाहीस. भाभींनासुद्धा तुझ्या तोंडून नाही, माझ्याकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला सारिका आली. पेटी तपासतच होती. तू तिला खरं तेच सांगितलंस, की पेटी आजारी पडली होती, उठतीये, थांब. ती बाकड्यावर बसली. मी माझं सगळं भांडार उघडलं. नवरदेव घोड्यावरून उलटा बसला तो किस्सा, करवली स्टेजवर झोपली तो किस्सा. ती हसायच्या जागी हसत होती, पण नजर पेटीच्या दिव्यांवर. शेवटी म्हणाली, “काका, नसंल तर नसंल म्हना. मी रडनार न्हाई.”

तू म्हणालास, “हाय म्हनलो ना मी.”

इथे मला जरा थांबू दे. पुढचं सांगायच्या आधी तुला एक कळवायचंय, ज्यासाठी सकाळी माईक घेतला होता. तू गेलास आणि त्यानंतर काही दिवसांनी पेटीतली एक डिस्क खरोखरच मेली. शिट्टी वाजली. भाभींनी मला किल्ली दिली, मी मंगलला बरोबर घेतलं आणि तिला दारातच उभं केलं. नवी डिस्क आणली, घर बघून बसवली, तू टंकायचास त्यातलं काही न टंकता पडद्यावर सांगेल तसं केलं. प्रत्येक प्रश्न दोनदा मोठ्याने वाचला, बाहेर जाऊन रस्ता बघून आलो. बाकीच्या तिघींनी मिळून तिला सगळं पुन्हा सांगितलं. रात्रभर सांगत होत्या, सकाळी दिवा हिरवा. मग आम्ही तुझ्या घरी गेलो आणि भाभी, मंगल आणि मी तुझ्याबद्दल बोलत बसलो. भाभींना तुझं लहानपण ठाऊक होतं, मंगलला तुझं जेवणखाण, मला मांडवातलं. कोणा एकाला पुरतं सांगता येत नव्हतं. कोणाला काही आठवलं की दुसरा मधेच तोडायचा, तसं नव्हतं, असं होतं. तुझी आठवण येत होती, आणि हसूही येत होतं, आणि एकदा तर भाभी इतक्या हसल्या की शेजारीण बघायला आली.

लोक येतात हल्ली कच्चं मागायला. तुझ्याच भरवशावर. आणि काय सांगू, सगळे माहेरचेच येतात. हे मी लेखी देतो आहे, पण तेवढ्यावरून भांडण संपलं असं समजू नकोस. ऑर्डर ज्याची, कप्पा त्याचा, हे माझं मत कायम आहे.

एक गोष्ट मात्र मी तुला कधी विचारली नाही. त्या पाठवणीला सगळा मांडव नवरीकडे बघत होता. मी माईकवरून चक्क म्हणालो होतो की व्हिडिओवाल्यांनी कृपया नवरीकडे लक्ष द्यावे. तरी तू कॅमेरा फिरवलास. तुला कसं कळलं कुठे बघायचं? कधीतरी चहा पिताना विचारू म्हणत होतो. तू असाही सरळ उत्तर दिलं नसतंस, पण विचारायला पाहिजे होतं.

तर पेटी. दुपार कलायला आली तेव्हा दिवे हिरवे झाले. ‘कच्चं’ उघडलं, त्यात रिहे, त्यात सारिकाचं लग्न. तू शोधलं नाहीस. सरळ शेवटाकडे गेलास, आणि टीव्ही तिच्याकडे वळवून स्वतः बाजूला उभा राहिलास, दसऱ्याच्या पूजेला राहायचास तसा.

पडद्यावर फुलांनी मढवलेली गाडी. माझा आवाज, नको इतका मोठा. बायकांच्या घोळक्यात सारिका. मग कॅमेरा हलला, गाडी मागे गेली, मांडवाचा पडदा गेला, आणि पाण्याच्या टँकरमागे धोंडिबा. पत्र्याला कपाळ टेकवून उभा. फेट्याचं टोक तोंडात कोंबलेलं. माझा आवाज त्याला दोनदा पुकारतो आहे आणि दोन्ही वेळा तो हाताने, कोणाला दिसणार नाही असा, थांबा म्हणतो आहे. तो तोंडावर पाणी मारतो, फेटा नीट करतो, निघायला वळतो. तेवढ्यात गाडी चालू झाल्याचा आवाज येतो.

सारिका बाकड्यावरून उठून टीव्हीच्या पुढ्यात खाली बसली. मी बघत होतो तिच्याकडे. तूही, माझ्या लक्षात आहे, टीव्हीकडे बघत नव्हतास.

पडद्यावर धोंडिबा क्षणभर गाडीमागे बघतो. मग काठी काखेत मारतो आणि पळायला लागतो. रस्त्यावरून नाही, रस्त्याच्या वरच्या अंगाला भातखाचरांच्या बांधावरून, गाडीच्या बरोबरीने. कळपातून सुटलेलं मेंढरू वळवायला पळतात तसा, अंग पुढे टाकून. खालून गाडी चाललीये, काचा लावलेल्या, आणि वर बांधावर हा म्हातारा, फेटा सुटून मागे उडतोय, एक पाय बांधावर, एक खाचरात. तुझा कॅमेरा कितीही थरथरला तरी त्याला सोडत नाही. वळण येतं. बांध तिथे संपतो. तो थांबत नाही.

सारिकाने दोन्ही हात टीव्हीला लावले आणि सगळ्या बाजारपेठेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली,

“आबा, हळू पळ, पडशील की!”